स्वयंचलित पंपाचे अर्ज आणि पेटंटची कचेरी

गेल्या पौष महिन्यात होळी येथील आमचे एक बागायतदार स्नेही दिवेलागणीच्या सुमारास आमच्याकडे आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता. त्यांची वाडी केळीची व पानवेलीची. विहिरीस पाणी आहे, पण वीज नेमकी शिंपण्याच्या वेळी जाते, आणि बिल मात्र वेळेवर येते. ह्या दुःखावर उपाय सांगणारा एक गृहस्थ त्यांस भेटला होता. त्याच्याजवळ एक पंप होता. त्यास वीज नको, डिझेल नको, ऊनही नको. एकदा बॅटरीच्या जोरावर चालू केला की तो पाणीही उपसतो व आपली बॅटरीही आपणच भरून घेतो. असा तो जन्मभर चालावयाचा. किंमत एक लाख वीस हजार रुपये, पैकी चाळीस हजार आगाऊ. आमच्या स्नेह्यांनी शंका काढली तेव्हा त्या गृहस्थाने सदरहू कागद पुढे केला आणि ह्या पंपास सरकारने पेटंट दिले आहे असे सांगितले. गावातील दोघांनी आगाऊ रक्कम दिलीही होती.

‘भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर सरकारी कागद वाचलेत. एवढा वाचून द्या,’ असे म्हणून स्नेह्यांनी पिशवी आमच्या हाती दिली.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. यंत्रशास्त्र आम्हांस येत नाही. पण समोरचा कागद कोणता आणि त्याची किंमत किती हे ओळखण्यात आमची हयात गेली आहे. कागद पाहताच ध्यानात आले की ही पोहोच आहे, हुकूम नव्हे. वर अर्जाचा क्रमांक, दाखल केल्याची तारीख, भरलेल्या फीचा आकडा. खाली कोठेही मंजुरीचा शब्द नाही. शेतकऱ्यास हा भेद नवा नाही. खरेदीखत झाले की गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, संबंधितांस नोटिसा जातात, हरकतीची मुदत लोटते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित तरी करतो किंवा रद्द तरी करतो. नुसता नोंदीचा क्रमांक दाखवून कोणी जमीन विकू लागला तर आपण त्यास दारात उभा करणार नाही. पंपाच्या बाबतीत मात्र आपण फसतो, कारण त्या कचेरीची वाट आपण कधी तुडविलेली नसते. म्हणून त्या वाटेची थोडी हकीकत येथे देत आहोत.

पेटंट, ज्यास आपल्याकडे एकस्व असाही शब्द आहे, म्हणजे नवी युक्ती काढणाऱ्याने ती युक्ती जगास उघड करून सांगावी आणि मोबदल्यात सरकारने त्यास काही वर्षे ती वापरण्याचा व विकण्याचा एकट्याचा हक्क द्यावा, असा करार होय. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. हिंदुस्थानात ह्याविषयीचा पहिला कायदा १८५६ साली झाला, आणि त्याखालचा पहिला अर्ज त्याच वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग ह्यांनी पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल केला. पुढे १९११ चा कायदा आला, आणि सध्या चालू असलेला कायदा १९७० चा असून तो १९७२ च्या एप्रिलपासून अंमलात आहे. मुख्य कचेरी कोलकात्यास असून मुंबई, दिल्ली व चेन्नई येथे शाखा आहेत. आपला मुलूख मुंबईच्या कचेरीखाली येतो. ती अँटॉप हिल येथे बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. मराठीत का नाही, हा प्रश्न आम्हीही विचारला आहे, तो राहो.

अर्ज करणे अवघड नाही. एकट्या माणसाने संगणकावरून दाखल केल्यास फी १६०० रुपये पडते. तेवढी भरली की क्रमांक मिळतो, मग अर्जात पंप असो, परीस असो, की आकाशात जाण्याची शिडी असो. अर्ज घेणारा त्याच्या आत काय लिहिले आहे हे पाहत नाही; आमच्या कचेरीत आवक-जावक पाहणारा कारकूनही पाहत नसे. दीड वर्षाने तो अर्ज पेटंट कचेरीच्या साप्ताहिक जर्नलमध्ये, जे दर शुक्रवारी निघते, त्यात छापून येतो. येथे दुसरी गफलत होते. सरकारच्या जर्नलमध्ये छापून आले म्हणजे सरकारने मान्य केले, असे लोकांस वाटते. वस्तुतः ते छापणे हरकतींसाठी असते. पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही मनुष्य, अगदी आपल्यापैकी कोणीही, त्या अर्जास लेखी विरोध करू शकतो.

अर्जाची खरी तपासणी आपोआप होत नाही, ती मागावी लागते. तिची फी निराळी. एकट्या माणसास संगणकावरून ४००० रुपये. पूर्वी ही मागणी ४८ महिन्यांत करावयाची असे, २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखल झालेल्या अर्जांस ही मुदत ३१ महिन्यांची झाली आहे. मुदतीत मागणी केली नाही तर अर्ज मागे घेतला असे समजण्यात येते. अशक्य यंत्रांचे पुष्कळ अर्ज ह्याच ठिकाणी निमूटपणे मरत असावेत असा आमचा तर्क आहे. कारण ज्यास केवळ क्रमांक हवा होता, तो परीक्षकापुढे कशाला जाईल?

ज्यास खरोखर पुढे जावयाचे आहे त्याचा अर्ज परीक्षकाच्या हाती पडतो. परीक्षक नवेपणा पाहतो, युक्ती जाणत्या कारागिरास सहज सुचण्यासारखी होती काय हे पाहतो, उपयोग पाहतो. पण त्याआधी कायद्याचे कलम ३ उभे आहे. कोणत्या गोष्टी शोध मानावयाच्या नाहीत ह्याची यादी त्यात आहे, आणि तिचे पहिलेच पोटकलम असे की जो शोध पोरकट आहे, किंवा ज्यात सुप्रतिष्ठित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध काही सांगितले आहे, तो शोधच नव्हे. हे शब्द इंग्लंडच्या १९४९ च्या कायद्यावरून आपल्याकडे आले. ह्याचा अर्थ परीक्षकांनी कसा लावावा हे कचेरीच्या कार्यपुस्तिकेत उदाहरणांनी दिले आहे: अखंड गती देणारे म्हणून सांगितलेले यंत्र, काही न घालता काम देणारे यंत्र, आणि शंभर टक्के कार्यक्षमतेचे यंत्र. आमच्या स्नेह्यांस दाखविलेला पंप ह्या तिन्हींत बसतो.

येथे वाचक म्हणेल, यंत्र डोळ्यांनी चालताना पाहिले, मग निसर्गनियम काय म्हणतो ते कशाला हवे? तेव्हा त्या नियमाचाच थोडा विचार करू. तो मोठा सोपा आहे, आणि आमच्यासारख्या हिशेबनिसास तर तो घरचाच वाटतो. शक्ती जमा झाल्यावाचून खर्च होत नाही, आणि प्रत्येक व्यवहारात थोडी तूट येते.

वसईच्या वाड्यांतून पूर्वी रहाट होते. शेवटचे काही आम्ही लहानपणी पाहिले आहेत. भरलेली गाडगी एका अंगाने वर येत, पन्हळीत ओतून रिकामी होत आणि दुसऱ्या अंगाने खाली जात. जनावर थांबले की रहाट थांबे. वर आलेल्या पाण्याने खालचा रहाट फिरवावा, मग जनावर नको, असे कोणाच्याही मनात आले नाही, कारण रोज बैलाच्या तोंडचा फेस दिसत असे. विजेच्या पंपात बैल दिसत नाही, म्हणून मनुष्य भुलतो. बैल तेथेही आहे. तो तारेतून येतो आणि युनिटांनी मोजला जातो. एक युनिट विजेत, काडीचीही तूट धरली नाही, तर ३३ फूट खोल विहिरीतून सुमारे ३६,००० लिटर पाणी वर येऊ शकते. ह्याहून एक लोटाही अधिक नाही. प्रत्यक्षात बऱ्यापैकी पंपाने त्याच्या निम्मे, म्हणजे १८,००० लिटर, आले तरी समाधान मानावे. बाकीचे घर्षणात, उष्णतेत व नळाच्या वळणांत जाते.

आता तो स्वयंभू पंप घ्या. बॅटरी मोटारीस फिरविते, मोटार एका जड चाकास, ते चाक डायनामोस, आणि डायनामो पुन्हा बॅटरीस भरतो. मोटारीने शंभरांतून ८५ पुढे दिले आणि डायनामोने त्यांतील शंभरामागे ८५, तर पहिल्या फेऱ्यात १०० चे ७२ होतात, दुसऱ्यात ५२, तिसऱ्यात ३८. पाणी उपसण्याचे काम अजून ह्यात धरलेच नाही. जड चाकाने काही वाढत नाही. ते कणगीसारखे आहे, घातले तेवढेच त्यातून निघावयाचे. मग वीस मिनिटे पाणी पडताना सर्वांनी पाहिले ते कसे? मोठ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट व १०० अँपियर-तासांची असते. तिच्यात सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज मावते. एक अश्वशक्तीचा पंप तेवढ्यावर तासभर चालतो. प्रयोग वीस मिनिटांचाच होता. ‘रात्रभर चालवून दाखवा’ असे एकाने म्हटले, तेव्हा यंत्रास विश्रांती हवी असे उत्तर मिळाले, आणि यंत्राची पेटी तर कुलूप लावलेली होती.

ही कल्पना आजची नाही, आणि केवळ लबाडांचीही नाही, हे सांगितले पाहिजे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, म्हणजे शके १०७२ त, सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील यंत्राध्यायात आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. हलक्या लाकडाचे चाक करावे, त्यास सारख्या मापाच्या पोकळ आऱ्या एकाच बाजूस किंचित कलत्या बसवाव्या, त्यांत निम्मा पारा भरून तोंडे बंद करावी आणि चाक दोन खांबांवर ठेवावे. पारा एकीकडे आसाकडे व दुसरीकडे धावेकडे धाव घेतो व चाक फिरत राहते, असे आचार्य म्हणतात. चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या कुळाचा शिलालेख आहे, आणि त्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिल्याची हकीकत त्यात आहे. तेव्हा हे चाक म्हणजे आपल्या घरची वस्तू होय. ते फिरत नाही. थोडे हलून पाऱ्याचा एकूण भार आसाच्या थेट खाली येतो आणि तेथे ते स्थिरावते. आचार्यांच्या गणिताच्या थोरवीस ह्याने उणेपणा येत नाही. शक्तीच्या जमाखर्चाचा नियम मेयर, जूल व हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८४० च्या दशकात मांडला, म्हणजे आचार्यांनंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. पण आज जो मनुष्य भास्कराचार्यांचे नाव सांगून पंप विकतो त्यास ही सबब नाही.

युरोपात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठराव केला की अखंड गतीचे यंत्र म्हणून येणाऱ्या कोणत्याही प्रकरणाची तपासणी ह्यापुढे करावयाची नाही. अकादमीस हे शक्य होते, कारण ती विद्वानांची सभा होती. पेटंटची कचेरी सरकारी कचेरी आहे. तिला अर्जदार दारातून हाकलता येत नाही. इंग्लंडमध्ये तर १९०५ पर्यंत अर्जातील युक्ती नवी आहे की जुनी हे देखील कचेरी शोधीत नसे, आणि फी भरणाऱ्यांस अखंड गतीच्या यंत्रांची पेटंटे मिळून गेली. अशी जुनी पेटंटे दाखवून कोणी बोलू लागल्यास हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेच्या कचेरीने निराळा मार्ग धरला. तेथे सामान्यतः यंत्राचा नमुना मागत नाहीत, नकाशा व वर्णन पुरते. पण अखंड गतीचा दावा असेल तर चालता नमुना मागण्याची मोकळीक त्यांच्या नियमपुस्तकात मुद्दाम ठेवली आहे. आपल्या कायद्याच्या कलम १० खालीही नियंत्रकास नमुना मागविता येतो. उपाय चांगला आहे, पण नमुना पाहणारा डोळस हवा. १८१२ साली फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर नावाचा मनुष्य आपोआप फिरणारे यंत्र तिकीट लावून दाखवीत असे. तेथे बिंग फुटल्यावर १८१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये दुकान मांडले. आगबोटीमुळे नावाजलेले रॉबर्ट फुल्टन ते पाहावयास गेले. यंत्राच्या चालीत त्यांस हाताने फिरविलेल्या दांड्याची कमीअधिक लय ऐकू आली. त्यांनी भिंतीजवळच्या फळ्या ओढून काढल्या, तो आतून तातीचा पट्टा माळ्यावर गेलेला; आणि माळ्यावर एक म्हातारा दाढीवाला बसून दांडा फिरवीत आहे. रहाटाचा बैल तेवढा माळ्यावर नेऊन बांधला होता!

अलीकडचे प्रकरण जोसेफ न्यूमन ह्यांचे. मिसिसिपी प्रांतातील ह्या गृहस्थांनी १९७९ मध्ये, घातलेल्या विजेहून अधिक शक्ती देणाऱ्या यंत्राबद्दल अर्ज केला. कचेरीने तो नाकारला. न्यूमन कोर्टात गेले. कोर्टाने यंत्र सरकारी मानक संस्थेकडे पाठविण्याचा हुकूम केला, आणि १९८६ मध्ये संस्थेने मापे घेऊन कळविले की सर्व परिस्थितींत निघालेली शक्ती घातलेल्या शक्तीहून कमीच भरली. १९८९ मध्ये अपिलाच्या कोर्टानेही नकार कायम केला. दहा वर्षे गेली. पण अर्जदारास सुनावणी मिळाली, त्याच्या यंत्रास माप लागले, आणि निकाल मापावर झाला. आम्हांस ही पद्धत योग्य वाटते. कचेऱ्याही चुकतात. राइट बंधूंनी १९०३ मध्ये स्वतः लिहून केलेला विमानाचा अर्ज कचेरीने प्रथम नाकारला होता. वकिलाकडून तो नीट लिहवून घेतल्यावर १९०६ मध्ये त्यांस पेटंट मिळाले. म्हणून आपल्याकडेही परीक्षक हरकती लेखी कळवितो, अर्जदारास उत्तरास सहा महिने मिळतात, त्याने मागितल्यास सुनावणी होते, मग नियंत्रक कारणे देऊन हुकूम करतो. त्यावर उच्च न्यायालयात अपील आहे. पूर्वी ह्यासाठी निराळे अपील मंडळ असे. ते २०२१ मध्ये बंद झाले.

परंतु निसर्गनियमाची ही चाळणी सर्व निरुपयोगी वस्तू अडविते असे समजू नये. इंग्लंडमध्ये आर्थर पेड्रिक नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते स्वतः पूर्वी पेटंट कचेरीत परीक्षक होते. निवृत्तीनंतर १९६२ ते १९७७ ह्या काळात त्यांनी दीडशेहून अधिक पेटंटे घेतली. त्यांतले एक शेतकऱ्यांच्या कामाचे: दक्षिण ध्रुवावरील बर्फाचे गोळे करून ते हजारो मैलांच्या नळांतून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात सोडावे आणि वितळलेल्या पाण्यावर शेती करावी. ह्यात निसर्गनियम कोठे मोडला? उतारावर गोळा घरंगळतो, बर्फ वितळते, पाण्याने पीक येते. नवेपणाविषयी तर शंकाच नको. तेव्हा पेटंट मिळाले. त्या नळाचा एक तुकडाही आजवर कोणी टाकलेला नाही. पेड्रिक आपल्याच जुन्या कचेरीची थट्टा करीत होते की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही. निवृत्त माणसास वेळ फार असतो हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

कधी कधी मात्र चाळणीच फाटते. २००५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या कचेरीने गुरुत्वाकर्षणावर मात करणाऱ्या आकाशयानास पेटंट देऊन टाकले आणि शास्त्रज्ञांत हसे झाले. त्याच कचेरीने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याच्या उपायास नवा शोध म्हणून पेटंट दिले होते. ते अशक्य नव्हते, उलट आपल्या प्रत्येक घरात रोज घडणारे होते. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवून हरकत घेतली, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. परंपरागत ज्ञानास पेटंट नाही असे आपल्या कलम ३ मध्येही आता स्पष्ट लिहिलेले आहे.

तेव्हा पोहोच आणि मंजुरी ह्यांतील भेद जाणून भागत नाही. मंजुरीची किंमतही नीट जाणली पाहिजे. कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की तपासणी झाली म्हणून पेटंटाच्या ग्राह्यतेची हमी सरकार देत नाही व त्याबद्दल कोणत्याही अधिकाऱ्यावर जबाबदारी येत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याने ती वस्तू करू नये असे सांगण्याचा हक्क. ती वस्तू चांगली चालते, टिकते, पुरवडते, असा तो दाखला नव्हे. महसुलाच्या भाषेत सांगावयाचे तर सातबारावर नाव असले म्हणून जमिनीत पीक येईलच असे नाही. ज्यास पंपाच्या कामाचा दाखला हवा त्याने मापे घेणाऱ्या संस्थेचे पत्र मागावे: किती वीज घातली, किती पाणी किती उंचीवर गेले. ज्याची पेटी कुलपात आहे त्याजवळ असे पत्र नसते.

ह्यावर कोणी विचारील की आपोआप चालणारे काहीच नाही काय? आहे. डोंगरउतारावरच्या ओढ्यावर बसविण्याचा जलरेटा नावाचा एक पंप आहे. त्याचे मूळ अठराव्या शतकातले. तो रात्रंदिवस ठोके देत चालतो, वीज मागत नाही, तेल मागत नाही. पण त्यास पुष्कळ पाण्याचा उतार लागतो. दहा वाटे पाणी खाली पडून वाया जाते तेव्हा एखादा वाटा उंच चढतो. म्हणजे ओढा हाच त्याचा बैल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात त्याचा उपयोग होण्यासारखा आहे. आपल्या वसईच्या सपाट भूमीत नाही. सूर्यपंपाचा बैल तर आकाशातच आहे. यंत्रास काही लागत नाही असे जो म्हणतो त्याचेच ऐकू नये. काय लागते ते जो आधी सांगतो त्याच्याशी बोलावे.

आता त्या कागदाकडे वळतो. अर्जाचा क्रमांक त्यावर होता. पेटंट कचेरीच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून अर्जाची स्थिती कोणासही फुकट पाहता येते. आमच्या पुतण्याने आपल्या फोनवर तो क्रमांक घातला. अर्ज खरोखर दाखल झालेला होता, जर्नलमध्ये छापूनही आला होता. तपासणीची मागणी मात्र झाली नव्हती, आणि मुदत टळून गेल्यामुळे तो मागे घेतलेला समजण्यात आला होता. म्हणजे पेटंट मिळाले हे खोटे, आणि अर्ज चालू आहे हेही आता खरे नव्हते. पेटंट नसता पेटंट आहे असे सांगून माल विकणाऱ्यास कलम १२० खाली दंडाची तरतूद आहे. आमच्या स्नेह्यांनी चाळीस हजार दिले नाहीत. ज्या दोघांनी दिले होते त्यांपैकी एकास थोडे पैसे परत मिळाले, दुसऱ्याने पोलिसांत अर्ज केला आहे. त्याचा क्रमांक तेवढा मिळाला आहे.

निघताना स्नेह्यांनी संकोचत एक गोष्ट विचारली. राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घालण्यासाठी त्यांनी एक चौकट केली आहे. पाऊस किंवा दव आले की एक दोरी ओढून तिच्यावरचे झाकण एकदम बसते, आणि जाळीमुळे माशी आत जात नाही. चौकट चांगली आहे. आम्ही पाहिली आहे. तिला पेटंट मिळेल काय? आम्ही विचारले, ‘ही किती जणांस दाखविलीत?’ ते म्हणाले, ‘भाऊसाहेब, चार वर्षे झाली. जो वाडीत येतो त्यास दाखवितो. पाच-सात जणांनी पाहून करूनही घेतली.’ तेव्हा आम्हांस सांगावे लागले की लागवडीच्या पद्धतीस आपल्या कायद्यात पेटंट नाही. साधनास मिळू शकते, पण अर्जापूर्वी जे लोकांत उघड झाले ते कायद्याच्या दृष्टीने नवे राहत नाही. कुलूप लावून ठेवणाऱ्याजवळ देण्यासारखे काही नव्हते, आणि ह्यांच्याजवळ होते ते त्यांनी आधीच वाटून टाकले होते. ते हसले व म्हणाले, ‘मग राहू द्या. तुम्हांस पाहिजे तर तुम्हीही करून घ्या.’

त्या चौकटीची मापे व आकृती त्यांच्या संमतीने पुढील अंकी देण्याचा विचार आहे. दरम्यान कोणा बांधवाजवळ पंपाचे, खताचे किंवा अन्य कशाचे पेटंट म्हणून दाखविलेला कागद आला असल्यास त्यांनी पैसे देण्यापूर्वी तो रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत आणावा. क्रमांक घालून स्थिती पाहण्यास पाच मिनिटे लागतात. अर्जाचा क्रमांक व तारीख नीट वाचता येईल अशी छायाप्रतही चालेल.